तलावाचा काठ कुणाचा?

मराठी भाषेने बगळ्यावर फार अन्याय केला आहे. पाण्यात निश्चल उभा राहून तासन्‌तास मासळीची वाट पाहणाऱ्या या पक्ष्याला तिने ढोंग्यांचा शिरोमणी ठरविले, त्याच्या एकाग्रतेची ‘बकध्यान’ म्हणून संभावना केली आणि त्याच्या एका मातकट रंगाच्या, आखूड मानेच्या भाईबंदाला तर थेट ‘वंचक’ असे नाव देऊन टाकले. वास्तविक हा वंचक कुणाचीही वंचना करीत नाही. चिखलाच्या रंगात मिसळून तो उभा राहतो, कारण त्याचे पोट त्या चिखलावर चालते. आकाशातून बगळ्यांची रांग जाऊ लागली की खेड्यातली पोरे त्यांच्याकडे फूल मागत आणि नखावर पांढरा ठिपका उमटला की ते मिळाले असे मानीत. लोकमनाने बगळ्याशी जोडलेले हे दुसरे, निर्मळ नाते सुभाषितकारांच्या लेखी मात्र आले नाही. खरे बकध्यान ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी तलावाच्या काठाकडे न जाता, त्या काठावर डोळा ठेवून बसलेल्या कचेऱ्यांकडे जावे. तेथेही अशीच निश्चलता असते, अशीच चिकाटी असते आणि भक्ष्य टप्प्यात येताच चोच अशीच वेगाने खाली येते.

मुंबईच्या पवई तलावाची गोष्ट या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखी आहे. शहराची तहान भागविण्यासाठी १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव झाले, आणि तेही पुरेनात म्हणून १८९१ मध्ये पवईच्या खोऱ्यातील ओढा अडवून हा तिसरा जलाशय बांधण्यात आला. त्याचे पाणी पिण्यास योग्य नाही हे लवकरच ध्यानात आले आणि शहराने त्याच्याकडे पाठ फिरविली. पुढे विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत सुरक्षित राहिले. पवई उद्यानाच्या हद्दीबाहेर राहिला. माणसाला नकोशा झालेल्या त्या पाण्यावर दुसऱ्या रहिवाशांनी आपला हक्क सांगितला. उथळ काठाला पाणवनस्पती वाढली, तिच्यात कीटक आणि बेडूक आले, मासळी आली, मगरी आल्या, आणि त्या सर्वांच्या मागोमाग पक्षी आले. पाणकावळे, पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारे कमळपक्षी, हळदीकुंकू बदके, खंड्या आणि अर्थातच बगळे. जवळच आरेच्या गोठ्यांतल्या म्हशींच्या पायांत घुटमळणारे गायबगळेही यांतलेच. एक टाकाऊ ठरलेला सरकारी जलाशय शंभर वर्षांत जिवंत सरोवर बनला, आणि या कामी कोणत्याही खात्याची एक कपर्दिकही खर्ची पडली नाही.

अशा सरोवराचा प्राण कोठे असतो, याचा विचार नगररचनाकारांनी कधी केलेला दिसत नाही. त्यांच्या नकाशात तलाव म्हणजे एक निळा डाग आणि त्याच्या भोवती एक रेघ. ती रेघ जितकी ठळक तितके त्यांचे समाधान मोठे. पण निसर्गात तलावाला रेघ नसते, उतार असतो. पावसाळ्यात पाणी पुढे सरकते, उन्हाळ्यात मागे हटते, आणि या पुढे-मागे होण्यात चिखलाचा एक रुंद पट्टा कधी पाण्याचा तर कधी जमिनीचा होऊन राहतो. बगळ्यांची सारी वसाहत याच पट्ट्यात नांदते आणि तिच्यातली कामाची वाटणी पाहण्यासारखी असते. वंचक अगदी काठाच्या चिखलात उभा राहतो. काळ्या पायांचा लहान बगळा घोट्याएवढ्या पाण्यात उतरून आपल्या पिवळ्या बोटांनी तळ ढवळतो आणि बिथरून निघालेली चिंगळी टिपतो. लांब पायांचा राखी बगळा आणखी आत, खोल पाण्यात पाय रोवतो. जांभळा बगळा लव्हाळ्यांच्या आडोशाला जातो. दिवस मावळला आणि ही मंडळी उठली की रातबगळा आपल्या पाळीवर येतो. एकाच काठावर पायांच्या उंचीप्रमाणे आणि प्रहरांप्रमाणे जागा वाटलेल्या आहेत. गिरणगावातल्या एकाच खोलीत तीन पाळ्यांचे कामगार जसे आलटून पालटून राहत, तसेच हे.

आता या उतारावर उभी भिंत घातली तर काय होईल? पाणी तेवढेच राहील, निळा डाग तेवढाच राहील, छायाचित्रात तलाव अधिकच देखणा दिसेल. पण भिंतीपाशी एकदम खोल पाणी आले म्हणजे ज्याचे पाय वीतभर आहेत त्याला उभे राहावयास जागा उरणार नाही. बगळा पोहत नाही. बदकासारखा तो पाण्यावर तरंगू शकत नाही. त्याच्या दृष्टीने उथळ काठ जाणे आणि तलाव जाणे यांत अंतर नाही.

मुंबई महानगरपालिकेने नेमके हेच करावयास घेतले होते. २०२१ साली तलावाभोवती सायकलींचा आणि धावण्याचा मार्ग करण्याचे काम सुरू झाले. तारेच्या जाळ्यांत दगड भरून त्या एकावर एक रचावयाच्या आणि वरून सपाट रस्ता न्यावयाचा, अशी ही योजना होती. दगडांच्या फटींतून पाणी खेळते, सबब हा भराव नव्हेच, असा युक्तिवाद त्यासाठी तयार ठेवण्यात आला होता. फटींतून पाणी खेळते हे खरेच. पण बगळ्याने उभे कोठे राहावयाचे आणि मगरीने उन्हाला यावयाचे कोठे, याचे उत्तर त्या फटींत नव्हते. काठावरच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनी आणि पर्यावरणाचे काम करणाऱ्या संस्थेने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे काम पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांचा भंग करणारे आणि म्हणून बेकायदेशीर ठरविले, पुढचे बांधकाम थांबविले, झालेले बांधकाम काढून टाकून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. विद्यार्थ्यांचे आणि कार्यकर्त्यांचे यासाठी अभिनंदनच केले पाहिजे.

परंतु या विजयाने हुरळून जाण्याचे कारण नाही. ज्या नियमांचा आधार पवईला मिळाला, त्याच २०१७ च्या नियमांत पाणथळ जागेची व्याख्या करताना पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठागरांसाठी आणि करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशय वगळून ठेवले आहेत. आता महाराष्ट्रासारख्या कातळाच्या प्रदेशात निसर्गनिर्मित सरोवरे अशी आहेत तरी किती? लोणारसारखे एखादे अपवादात्मक उदाहरण सोडले तर गावोगावचे तलाव कुणी ना कुणी, कशासाठी ना कशासाठी बांधलेलेच आहेत. ज्या नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून २०२० साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तो जलाशयही गोदावरीवर बंधारा घालूनच झालेला आहे. तलाव बांधणाऱ्याचा हेतू काय होता हे पाहून बगळा त्यात उतरत नाही. मग कायद्याने तरी पक्ष्यापेक्षा कमी शहाणे का असावे? या वगळण्यामागे निव्वळ अनवधान आहे असे मानावयास फार भाबडेपणा लागेल. शहराच्या वाढत्या हद्दीत जे तलाव सापडतात ते जवळजवळ सारे मानवनिर्मित असतात आणि जमिनीला भाव असतो तोही तेथेच.

भिंतीचे जे झाले ते निदान चव्हाट्यावर आले. त्याहून जुना आणि त्याहून निर्लज्ज प्रकार पाण्यातच चालू आहे. महापालिकेच्याच आकड्यांप्रमाणे पवई तलावात रोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर मैलापाणी येत आले आहे. या मैल्यावर जलपर्णी पोसते. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेली ही वनस्पती मैल्याचे खत मिळताच तलावावर हिरवी चादर अंथरते. तिच्याखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू सरतो आणि मासे मरतात. मग जलपर्णी काढण्याचे कंत्राट निघते. यंत्रे येतात, हिरवे ढीग काठावर टाकले जातात, छायाचित्रे छापून येतात. मैलापाणी मात्र येतच राहते, म्हणून जलपर्णी पुन्हा येते, आणि जलपर्णी आली की कंत्राटही पुन्हा येते. शेतकऱ्याच्या पिकाला हमीभाव मिळत नाही. जलपर्णीच्या पिकाला मात्र तो वर्षानुवर्षे मिळत आला आहे. सांडपाण्याच्या वाहिन्या आधी वळवा आणि मग जलपर्णी उपटा, हा साधा क्रम मांडावयास कोणत्याही तज्ज्ञ समितीची गरज नव्हती. मिठी नदी विहार आणि पवई यांच्या सांडव्यातूनच निघते आणि २६ जुलै २००५ रोजी, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या खोऱ्यातल्या पाण्याचे मार्ग बुजविण्याची किंमत शहराने माणसांच्या प्राणांनी चुकविली. तरीही तलाव म्हणजे पाण्याची व्यवस्था, ही गोष्ट विसरून तो म्हणजे देखावा, अशीच समजूत रूढ होत चालली आहे.

देखाव्याला बाजारात किंमत असते, हे यातले मर्म आहे. बगळ्याला तर हा बाजार नवा नाही. पवईचे धरण बांधले जात होते त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत स्त्रियांच्या टोप्यांवर पांढऱ्या बगळ्यांची पिसे खोवण्याची टूम निघाली होती. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर येणारी ती रेशमी, जाळीदार पिसे हवीत म्हणून नेमके त्याच हंगामात, घरट्यात पिले असताना, हे पक्षी मारले जात. पिसे तोळ्यावर विकली जात आणि कधी कधी त्यांचा भाव सोन्यालाही मागे टाकी. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये तर मासेमार लोक पिसांसाठी बगळे पाळीत. १८८९ साली इंग्लंडमधल्या काही स्त्रियांनीच या व्यापाराविरुद्ध संघटना उभारली, आणि १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. टूम गेली, बगळा वाचला. मात्र जिवंत सृष्टीचे रूपांतर शोभेच्या मालात करण्याची वृत्ती गेली नाही. तेव्हा बगळ्याचे पीस विकले जात होते. आता बगळा दिसणारी खिडकी विकली जाते. तलावाकडे तोंड असलेल्या सदनिकेचा भाव पाठमोऱ्या सदनिकेहून चढा असतो, आणि जाहिरातीच्या चित्रात पाण्यावरून उडणारी पांढरी रांग हटकून असते.

खाडीपलीकडच्या नवी मुंबईत या व्यापाराचे टोक पाहावयास मिळाले. रोहित पक्ष्यांच्या नावावर त्या शहराने आपली ओळख ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून मिरविली, चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे केले. आणि त्याच शहरात नेरुळच्या तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, तळे आटू लागले आणि २०२४ साली तेथे जिवंत रोहित मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर उतरत्या विमानाच्या धडकेने तिसांहून अधिक रोहितांचे तुकडे लोकांच्या अंगणात पडले. नागरिकांनी लढा दिला, पाण्याची वाट मोकळी करण्याची मागणी लावून धरली, तेव्हा कोठे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. चौकातल्या पुतळ्यांसाठी मात्र असा लढा कुणाला द्यावा लागला नव्हता.

येथवर वाचून काही जुने कार्यकर्ते अस्वस्थ झाले असतील. ज्या शहरात माणसांना डोक्यावर छप्पर नाही, तेथे बगळ्यांच्या काठाची चिंता करणे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुर्बीण गळ्यात अडकवून रविवारी सकाळी तलावावर येणारा वर्ग कोणता आहे हे कुणाच्याही ध्यानात येते. त्या वर्गातल्या अनेकांना काठावर बगळा हवा असतो आणि झोपडी नको असते, हेही खरे आहे. पण म्हणून बगळा त्या वर्गाचा होत नाही. काठ ज्या हातांनी बगळ्याकडून काढून घेतला जातो, ते हात आणि झोपडीवर पडणारे हात वेगळे आहेत काय, एवढेच या कार्यकर्त्यांनी तपासून पाहावे.

पवईपुरते हे तपासण्यास फार दूर जावे लागत नाही. तलावाच्या दक्षिणेकडची सुमारे २३० एकर जमीन राज्य शासन, महानगर प्राधिकरण आणि विकासक यांच्यातील त्रिपक्षीय कराराने १९८६ साली नाममात्र भाड्याने विकासासाठी देण्यात आली. बदल्यात तेथे ४० आणि ८० चौरस मीटरांची, मध्यमवर्गाला परवडतील अशी घरे बांधावयाची होती. प्रत्यक्षात तेथे जे उभे राहिले ते सर्व मुंबईच्या परिचयाचे आहे. करारातली घरे राहून गेली, आणि अखेर २०१२ साली उच्च न्यायालयाला, आधी ती लहान घरे बांधा, असे फर्मावावे लागले. तलाव दिसेल अशा उंचीवर कोण राहील आणि तो कुणाला दिसणारच नाही, हा निवाडा अशा रीतीने काठावर पहिला दगड पडण्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता.

आणि याच पवईत ६ जून २०२४ रोजी जयभीमनगर ही वस्ती पाडण्यात आली. इमारती बांधावयास आलेल्या, नंतर त्याच इमारतींत धुणी-भांडी, पहारा आणि झाडलोट करून पोट भरणाऱ्या दलित-श्रमिक कुटुंबांची ती वस्ती होती. १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळ्याच्या काळात राहती घरे पाडू नयेत, असा राज्य शासनाचा २९ जून २०२१ चा निर्णय आहे. तो असताना पोलिसांच्या बंदोबस्तात शेकडो झोपड्या भुईसपाट झाल्या आणि लहान मुलांना घेऊन माणसे पदपथावर पावसात बसली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा त्याची चौकशी विशेष तपास पथकाकडे सोपविण्यात आली.

जून ते सप्टेंबर हाच बगळ्यांच्या विणीचाही हंगाम आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. पाऊस पडला की वर्षावृक्षावर, पिंपळावर, चिंचेवर काटक्यांची विसविशीत घरटी होतात. एकेका झाडावर रातबगळे, लहान बगळे, पाणकावळे अशी बिऱ्हाडे दाटीवाटीने राहतात. मारुती चितमपल्ली यांनी अशा वसाहतीसाठी मराठीला ‘सारंगागार’ हा सुंदर शब्द दिला. शहरातल्या गृहनिर्माण संस्थांना मात्र सारंगागाराचा वास येतो. खाली उभ्या केलेल्या मोटारींवर विष्ठा पडते, रात्री पिलांचा कलकलाट होतो, मेलेली मासळी अंगणात पडते. मग फांद्या ‘धोकादायक’ असल्याचा अर्ज जातो, करवत येते आणि पिले रस्त्यावर पडतात. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात घरटे आणि अंडी यांची नासधूस शिकारीच्या व्याख्येतच धरलेली आहे. पण अर्जावर सही करणाऱ्याला आपण शिकार करीत आहोत असे कधी वाटत नाही. अस्वच्छता, दुर्गंधी, गोंगाट, धोका. झाडावरच्या बिऱ्हाडांविरुद्ध अर्जात वापरलेले हे शब्द आणि पदपथावरच्या बिऱ्हाडांविरुद्ध वापरले जाणारे शब्द एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. अर्ज कुठला कोणाविरुद्ध हे ओळखणे कठीण जाईल.

उठविलेल्यांसाठी दुसरीकडे व्यवस्था केली आहे, हे उत्तर दोघांच्याही बाबतीत तयार असते. एका तलावाच्या बदल्यात दुसरीकडे ‘पक्षी उद्यान’, एका वस्तीच्या बदल्यात दुसरीकडे इमारत. पंचतंत्रात एका म्हाताऱ्या बगळ्याची गोष्ट आहे. तळे आटणार आहे अशी आवई उठवून तो माशांना दूरच्या मोठ्या सरोवरात पोचविण्याचे आश्वासन देतो, एकेकाला चोचीत धरून नेतो आणि एका शिळेवर आपटून खातो. खेकड्याला शिळेभोवतीचे काटे दिसतात तेव्हा हा पुनर्वसनाचा कार्यक्रम उघडकीस येतो. तानसा जलवाहिनीच्या कडेची कुटुंबे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात नेऊन टाकण्यात आली, तेव्हा तेथे गेलेल्यांना असेच काटे दिसले. २०१९ साली उच्च न्यायालयाने, या कुटुंबांना माहुलची सक्ती करता येणार नाही, दुसरे घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, असा आदेश दिला. तोही त्यांनी आझाद मैदानापर्यंत आणि रस्त्याकडेच्या दीर्घ धरण्यापर्यंत आपले दुःख नेल्यानंतर. गोष्टीतला बगळा काल्पनिक होता. प्रत्यक्षातला बगळा कुणाचेही पुनर्वसन करीत नाही आणि त्याचेही कुणी करू शकत नाही. ज्या उतारावर त्याच्या पायाच्या मापाचे पाणी आहे तो उतारच त्याला लागतो.

पक्षिप्रेमींच्या एका वर्गाला यावर सुचणारा उपाय म्हणजे कुंपण. तलाव बंद करा, तिकीट लावा, माणसांना बाहेर ठेवा. हा उपाय भिंतीहून सौम्य दिसतो. परिणामी तो त्याच वाटेने जातो. कुंपणाच्या आत खिडकीवाल्यांची नजर पोचतेच. अडतो तो गळ टाकून दोन मासे पकडणारा, गुरांसाठी गवत कापणारा, गणपती विसर्जनाला येणारा आणि उन्हाळ्याच्या रात्री काठावर वारा घेत बसणारा माणूस. माणसाचा वावर आणि पक्ष्याचा वावर मूलतःच परस्परविरोधी आहेत, हे गृहीत धरूनच ही योजना केलेली असते. त्या गृहीताला विदर्भातल्या तळ्यांनी कधीच खोटे पाडले आहे. भंडारा-गोंदियातले तलाव कोहळी समाजाने बांधले, ढीवर समाजाने त्यांतली मासळी राखली, आणि नवेगावबांधसारख्या तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या वावरातच पक्षी येत राहिले. पुढे बेशरमीची झुडपे आणि बाहेरून आणून सोडलेले मासे यांनी ती तळी बिघडली, तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या ढीवर बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून बेशरमी उपटली आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासळी वाढली आणि तिच्यापाठी पक्षीही आले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालावयास लागते हे त्यांना माहीत होते, कारण त्यांची चूल त्या ज्ञानावर पेटत होती. मुंबईच्या एका तलावाच्या सुशोभीकरणावर जे कोट्यवधी रुपये उडतात त्यांच्याशी या कामाची तुलना करून पाहण्यास हरकत नाही.

पवईसाठी मागावयाच्या गोष्टी म्हणूनच फार थोड्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही शोभेचे काम म्हणता येणार नाही. तलावात येणारी मैलापाण्याची प्रत्येक वाहिनी बंद झाल्याचे महापालिकेने मोजमापासह जाहीर करावे आणि तोवर जलपर्णीचे नवे कंत्राट काढू नये. न्यायालयाने पूर्ववत करावयास सांगितलेल्या काठाचा मूळ उतार खरोखर परत आला की नाही, हे लोकांसमक्ष दाखवावे. मानवनिर्मित तलावांना वगळणारे कलम नियमांतून काढावे. काठावर येण्याजाण्याचा सर्वांचा हक्क बिनतिकीट आणि बिनकुंपण राहावा. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत, कोणत्याही संस्थेचा अर्ज आला आणि कोणत्याही विकासकाचा निरोप आला, तरी त्या विभागात ना घरट्याच्या झाडाला करवत लागावी, ना राहत्या झोपडीला यंत्राचा फाळ. यांतल्या शेवटच्या मागणीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. १९७२ चा कायदा आणि २०२१ चा शासननिर्णय, दोन्ही कागद विभाग कार्यालयात आजच उपलब्ध आहेत.